तिसऱ्या जागी गिरणीवाल्या काकू

आत्याबाई गेल्या तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मी त्यांना ज्वारीची पेज भरवत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. चौथा चमचा तोंडात गेला तो तसाच बाहेर आला आणि हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळला. मी आधी तो फडक्यानं पुसला, मग त्यांची मान नीट केली, मग नाकाशी हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. उरलेली पेज मोरीत ओतली, वाटी विसळून पालथी घातली आणि मग नवऱ्याला फोन लावला. ते शाळेत होते, मागून पोरांचे पाढे ऐकू येत होते.

"आत्याबाई गेल्या," मी म्हणाले.

त्यांनी पोरांना गप्प बसायला सांगितलं. मग म्हणाले, "तू काय करायलीस?"

"वाटी धुतली."

लातूरच्या आमच्या दोन खोल्यांत आत्याबाई सहा वर्षं पलंगावर होत्या. चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावी खुरपायला गेलेल्या असताना त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं तीन-चार शब्दांपुरतं उरलं. "ए", "पाणी", "न्हाई" आणि एक शिवी. "ए" म्हणजे मी. नवरा नायगावला मास्तर. सोमवारी पहिल्या गाडीनं जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळं आठवडाभर घरात आम्ही दोघीच.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दर दोन तासाला कूस बदला, नाहीतर पाठ सडेल. मी बदलत गेले. आठ, दहा, बारा, दोन, चार. भाजी आणायला गेले तरी दोन तासांच्या आत परत. लग्नाकार्याला मी जात नसे. नवऱ्याची नायगावची खोली मी सहा वर्षांत पाहिली नव्हती. आत्याबाईंचं आणि माझं कधी पटलं नव्हतं, लकव्याच्या आधीपासूनच. मूल झालं नाही म्हणून त्या मला जे बोलायच्या ते मी इथं लिहीत नाही. पुढं त्यांचे शब्दच गेले आणि तो विषयही गेला.

जलदान विधीच्या दिवशी घर भरलं होतं. नांदेडहून नणंद आली होती, ती रडून रडून बसल्या जागी आडवी होत होती. मी आलेल्यांना चहा देत होते. भंतेजींचं बोलणं झाल्यावर बायका उठल्या, तेव्हा नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी माय गेली, अन् वहिनीच्या डोळ्याला टिपूस न्हाई. सुटली म्हणायलीय मनातल्या मनात."

कुणीतरी तिला गप्प केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन कप मोजले. खरं सांगायचं तर तिचा रागही आला नाही. सुटले असं वाटत असतं तर मला बरंच झालं असतं, निदान काहीतरी वाटलं असतं. दुःख आत दाबून ठेवलंय असंही नव्हतं. आत हात घातला तर हाताला काही लागत नव्हतं.

आठव्या दिवशी नवरा नायगावला गेले. पलंग आम्ही घडी करून गॅलरीत ठेवला. खोली एवढी मोठी आहे हे मला माहीत नव्हतं. दहा वाजले की मी उठायची. कशाला उठले ते कळायला थोडा वेळ लागायचा. मग परत बसायची. बारा वाजता पुन्हा उठायची. नळ आठ दिवसांतून एकदा यायचा, तेवढा एक दिवस काम असायचं. बाकीचे दिवस नुसते पडून असायचे.

शेजारच्या ताई पोस्टातून रिटायर झालेल्या. दर रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून त्या विहारात अभ्यासवर्गाला जायच्या. मला बरेच वेळा बोलावलं होतं, पण मी कशी जाणार होते. आता त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तर काही कारण न्हाई ना तुला? चल." खरंच कारण नव्हतं. मी गेले.

विहाराच्या मागं पत्र्याची एक मोठी खोली आहे, तिथं वर्ग भरतो. समोर बुद्धमूर्ती, खाली सतरंज्या, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. वीस-पंचवीस माणसं. दोन-तीन कॉलेजच्या मुली, एक गवंडी, एक रिक्षावाले दादा, बाकी आमच्या वयाच्या बायका. वर्ग घेणाऱ्या बाई चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. आधी वंदना, मग कुणीतरी ग्रंथातलं पान-दोन पान वाचायचं, मग त्यावर बोलणं, शेवटी ध्यान. वाचताना अडखळलं तरी कुणी हसत नसे. गवंडी दादा एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचे, आणि सगळी खोली त्यांच्या बोटाबरोबर पुढं सरकायची.

मला तिथं बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण तिथं कुणी मला "आता कसं वाटतंय" असं विचारत नव्हतं. डोळे मिटून बसा म्हणाले की मी बसायची. एका जागी तासभर बसणं मला सहा वर्षांत जमलं नव्हतं, ते तिथं जमायला लागलं.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी बाईंनी मैत्री भावना शिकवली. त्यांनी सोपं करून सांगितलं. पाच पायऱ्या. आधी स्वतःचं भलं चिंतायचं. मग एखाद्या जवळच्या माणसाचं. मग तिसऱ्या जागी असा माणूस घ्यायचा जो आपल्याला आवडतही नाही आणि नावडतही नाही, रोज दिसतो पण आपण त्याचा कधी विचार करत नाही. चौथ्या जागी ज्याच्याशी आपलं पटत नाही तो. पाचव्या पायरीला सगळेच.

मी डोळे मिटले. स्वतःचं भलं म्हटल्यावर काही सुचेना. मी आपली मनात "बरं असू दे" म्हणत राहिले, दुसऱ्या कुणाचा निरोप पोचवावा तसं. दुसऱ्या जागी शेजारच्या ताई घेतल्या. त्या माझ्याशी इतक्या चांगल्या वागलेल्या, आणि मला मात्र त्यांच्या साडीची इस्त्री तेवढी दिसत होती. आपण किती कोरड्या झालो असं मनात आलं, आणि त्या गोष्टीचंही काही वाटलं नाही.

मग बाई म्हणाल्या, "आता तिसरा माणूस." कुणाला घ्यावं ते कळेना. आणि एकदम गिरणीवाल्या काकू समोर आल्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी आहे. तिथं मी बारा वर्षं दळण नेत होते. गिरणी चालवणाऱ्या काकू साठीच्या पुढच्या, लिंगायत, कपाळाला विभूतीचे पट्टे, पण केसांपासून भुवयांपर्यंत सगळंच पिठानं पांढरं असल्यामुळं ते पट्टे निराळे दिसायचे नाहीत. चक्कीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून त्या बोटांनी विचारायच्या. एक बोट म्हणजे बारीक, दोन म्हणजे जाडं. मी एक बोट दाखवायची. बारा वर्षांत आमचं बोलणं ते एवढंच. आत्याबाई मात्र चालत्या-फिरत्या होत्या तेव्हा त्या गिरणीवर जायच्या नाहीत, दोन गल्ल्या लांब जायच्या. लहानपणी गावात त्यांचं दळण सगळ्यांच्या मागून घेत, मध्ये कुणी आलं की यांचा डबा पुन्हा बाजूला. त्या गावाचा आणि या काकूंचा काही संबंध नव्हता, पण विभूती बघितली की आत्याबाई तोंड फिरवायच्या. मला तसं काही नव्हतं. मला काकू आवडत नव्हत्या, नावडतही नव्हत्या.

त्या रविवारी मी काकूंचं भलं चिंतलं आणि पहिल्यांदा काहीच खोटं वाटलं नाही. माझ्याकडून तिथं माया अपेक्षितच नव्हती. एक बोट वर केलेल्या त्या पांढऱ्या बाईला सुख लाभो, तिची दगदग कमी होवो, एवढं म्हणायचं. ते मी म्हणू शकत होते.

चौथ्या पायरीला मी अडले. ध्यान संपल्यावर बाईंना विचारलं, "चौथ्या जागी गेलेलं माणूस चालतं का?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "गेलेल्याला यात घेत न्हाईत. जितं माणूस घ्या. कुणाशी वाद हाय का तुमचा?"

मी विचार केला. नणंद आठवली, पण तिच्याशी वाद आहे म्हणावं इतकंही काही मनात नव्हतं. "जिवंत कुणी न्हाई," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं जरा बघितलं. "मंग ती जागा मोकळी ठेवा. घाई कशाची हाय?"

तेव्हापासून चौथ्या पायरीला मी नुसती बसून राहायची. आणि तिसरी पायरी मी घरीही करायला लागले. सकाळी दहाला मी उठायचीच, तर मग उठून सतरंजी टाकायची आणि दहा मिनिटं काकूंचं भलं चिंतायचं. भलं चिंतायचं तर माणूस नीट आठवायला हवा, म्हणून गिरणीवर गेले की मी काकूंकडं बघू लागले. बारा वर्षांत न दिसलेलं दिसायला लागलं. डाव्या हाताचं मधलं बोट त्यांना वाकवता यायचं नाही. पीठ डब्यात पडताना त्या हात घालून ते गरम किती झालंय बघायच्या आणि जास्त झालं तर चक्की सैल करायच्या. गळ्यातलं लिंग पदराच्या आत असायचं, खाली वाकताना त्या ते एका हातानं धरायच्या. एकदा त्यांनी माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. अशी काय बघायलीस, असं. मी एक बोट दाखवलं.

दिवाळीनंतर गिरणी बंद दिसली. पहिल्या आठवड्याला मी काही मनावर घेतलं नाही, दळण दोन गल्ल्या लांबच्या गिरणीतून आणलं. ते जाडं निघालं, भाकरी कडेला फाटायच्या. दुसऱ्या आठवड्याला शटर तसंच. तिसऱ्या आठवड्याला कुलपावर धूळ होती. सकाळी सतरंजीवर बसल्यावर मला कळेना की मी कुणाचं भलं चिंतायलेय. काकूंचं काय झालं असेल, जिवंत तरी आहेत का? आणि बाईंनी तर सांगितलं होतं, गेलेलं माणूस चालत नाही.

रविवारी वर्गात अनुभव सांगायची वेळ असते. मी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "माझं तिसऱ्या जागेचं माणूस दिसंना झालंय."

पोरी हसल्या, रिक्षावाले दादाही हसले. बाईसुद्धा हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "मंग बघून या की. इथं बसून काय सापडणार हाय?"

गिरणीशेजारी सायकलीचं दुकान आहे. तिथं विचारलं. काकू घरात ओल्या फरशीवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होऊन घरी आल्यात, असं कळलं. घर गिरणीच्या मागच्याच बाजूला. मी दारात जाऊन उभी राहिले. आत जावं की नाही ते ठरेना. बारा वर्षांच्या ओळखीत मी गिरणीचा कट्टा कधी ओलांडला नव्हता.

दार त्यांच्या सुनेनं उघडलं. तीस-बत्तीसची असेल. गाऊनवर ओढणी घेतलेली, केस कसेतरी बांधलेले. मी सांगितलं, गल्लीतली आहे, काकूंना बघायला आले. ती "या" म्हणाली आणि बाजूला झाली. आत पाऊल टाकताच मला तो वास आला. औषध, घाम, आणि त्याच्या खाली एक गोडसर वास. सहा वर्षांत दोनदा मी तो वास घरात येऊ दिला होता आणि दोन्ही वेळा पळापळ केली होती.

काकू पलंगावर उताण्या पडल्या होत्या. अंगावर पीठ नव्हतं, त्यामुळं मी त्यांना आधी ओळखलंच नाही. सावळ्या होत्या. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे स्पष्ट.

"पाठीला काही झालंय का?" मी सुनेला विचारलं.

"लाल झालंय थोडं."

"डॉक्टरांनी कूस बदलायला सांगितलंय?"

"सांगितलंय, पायांत उशी ठेवून. पण दुखतंय म्हणून त्या हात लावू देईनात, ताई. ओरडतात. मी एकटी काय करू? हे दिवसभर दुकानावर."

मी पलंगाजवळ गेले. काकूंनी मला बघितलं आणि त्यांचा एक हात जरासा वर आला, एक बोट. ओळख पटली होती.

"हावं," मी म्हणाले. "बारीक दळणवाली. काकू, पाठ बघायची हाय. मी हात लावला तर चालंल का?"

हे मी का विचारलं ते मला माहीत आहे, आणि काकूंनाही कळलं असावं. गिरणीत आयुष्य काढल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नव्हतं. त्या ओरडूनच म्हणाल्या, "लाव की! डोळ्यानं उचलणार हायस का मला?"

मी साडीचा पदर खोचला. सुनेकडून जुनी चादर मागितली, चौघडी केली आणि तिला एका बाजूला उभं केलं. "हातांनी ढकलायचं न्हाई. चादरीला धरून ओढायचं, सगळं अंग एका वेळी. दोन पायांत उशी. मी तीन म्हटलं की." काकूंना सांगितलं, "दुखंल, पण एकदाच दुखंल." आम्ही त्यांना कुशीवर घेतलं तेव्हा त्यांनी ओरडत माझा पदर मुठीत धरला. पडू नये म्हणून. आत्याबाईसुद्धा त्यांच्या चांगल्या हातानं दर वेळी असाच पदर धरायच्या. दिवसातून इतक्या वेळा, सहा वर्षं. सगळ्या साड्यांचे पदर एकाच जागी चुरगळलेले होते, आणि हे मला त्या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं. मी तसंच वाकून उभी राहिले. पाठ बघितली. कंबरेच्या खाली रुपयाएवढी जखम झाली होती, कडा काळ्या.

"हे लाल न्हाई," मी सुनेला म्हणाले. "आजच दवाखान्यात दाखवा. पट्टी करायला माणूस पाठवतात ते. बाकीचं मी शिकवते."

त्यानंतर महिनाभर मी रोज जात होते. सकाळी दहाला आणि दुपारी चारला. सुनेला मी शिकवलं ते सगळं मला कुणी शिकवलं नव्हतं. चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. टाचा पलंगाला टेकू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली घडी घालायची. अंग पुसलं की कोरडं करायचं, चोळायचं नाही. भरवताना मान थोडी पुढं. तोंडात घास असताना बोलायला लावायचं नाही. सून एका वहीत लिहून घ्यायची. काकू पडल्या पडल्या हुकूम सोडायच्या, भाकरी जाड झाली, उशी टोचते, ही मास्तरीण आज उशिरा आली. मला त्या मास्तरीण म्हणायला लागल्या होत्या.

एका दुपारी काकूंचा डोळा लागला होता. सून चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. बशीत सांडलेला चहा तिनं परत कपात ओतला. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? मला काहीच वाटंना झालंय. त्या ओरडल्या तरी काही वाटंना. परवा माझ्या माहेराहून फोन आला, बहिणीला मुलगा झाला म्हणून. मी म्हटलं बरं. मला काय झालंय?"

मी चहा खाली ठेवला. "मलाबी तसंच हाय," मी म्हणाले. "सासू गेल्यापासून. त्याच्या आधीपासूनच, पण तेव्हा कळत नव्हतं. माझी सासू माझ्या हातात गेली आणि मी आधी वाटी धुतली."

हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते. सुनेनं मान वर केली. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, "आणि मग?"

"मंग फोन केला."

ती हसली. मोठ्यानं न हसता, तोंडावर ओढणी धरून. मग मलाही हसू आलं. काकू जाग्या झाल्या आणि ओरडल्या, "काय खिदळायल्यात गं दोघी?"

"परत जाते का हे?" सुनेनं नंतर हळूच विचारलं.

"माहीत न्हाई," मी म्हणाले. "पण तू शनिवारी दुपारी माहेरी जा. बाळ बघून ये. मी बसते इथं." ती गेली. औश्याला तिचं माहेर, अर्ध्या तासाची गाडी. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर दुधाचा डाग होता आणि तिनं तो पुसला नव्हता.

जखम भरायला दोन महिने लागले. मग वॉकर आला. मी वर्गात बाईंना सांगितलं की आता काकू माझ्या तिसऱ्या जागी बसत नाहीत, त्यांचा विचार केला की माझं डोकं फिरतं, कारण त्या वॉकर न घेता मोरीत जातात. बाई म्हणाल्या, "चांगलं झालं. आता दुसरं कुणी बघा." आणि मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी वाचन बाजूला ठेवू. तुम्ही आम्हाला कूस बदलायला शिकवा. इथं बसलेल्यांतल्या कुणाच्या घरी पडून माणूस न्हाई?"

सात-आठ हात वर झाले. रिक्षावाल्या दादांचाही झाला, त्यांचे वडील.

त्या रविवारी नवरा घरी होते. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. शेजारच्या ताईंनी बोलावलं असावं. ते पुरुषांच्या बाजूला, मागं भिंतीला टेकून बसले. मध्ये दोन सतरंज्यांवर गादी टाकली होती. बाई स्वतः पेशंट व्हायला आडव्या झाल्या. मी आणि एका मुलीनं त्यांना चादरीनं फिरवलं तेव्हा त्या पटकन फिरल्या. बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "माझं वजन काय, कुणीबी फिरवंल. जड माणूस घ्या. ओ सर, तुम्ही या."

नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही. ते चष्मा काढून गादीवर उताणे पडले. मी दोन पायांत उशी ठेवली. त्यांचं सगळं अंग ताठ झालं होतं.

"अंग सोडा," मी म्हणाले.

"सुटंना."

लोक हसले. मी म्हटलं, "डोळे मिटा, म्हणजे सुटंल." त्यांनी मिटले. मी चादर धरली, समोर गवंडी दादा होते, तीन म्हटलं आणि त्यांना कुशीवर घेतलं. जखम कुठं कुठं होऊ शकते ते मी बोटानं दाखवत गेले. इथं खांद्याचं हाड, इथं कंबर, इथं घोटा. त्यांनी डोळे उघडले नाहीत. सगळ्यांनी आळीपाळीनं करून बघितलं. नवरा जवळजवळ अर्धा तास तिथं पडून होते. एवढा वेळ ते उगी पडलेले मी कधी बघितले नव्हते.

घरी परत येताना आम्ही चालत आलो. मध्येच त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, "आईला जखम झाली होती का कधी?"

"दोनदा."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही विचारलं न्हाई."

ते थांबले. "हावं," म्हणाले. "न्हाई विचारलं. शनिवारी यायचो तर ती स्वच्छ असायची. मला वाटायचं बरी हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "आता सांग."

मग मी सांगत गेले. पहिली जखम कुठं झाली, किती दिवसांत भरली. दुसरी कशानं झाली. डाव्या खांद्यावर खुरप्याचा जुना वण होता. पायाची बोटं कशी आत वळत गेली आणि मी त्यांत कापसाच्या पट्ट्या ठेवायची. शेवटच्या वर्षी त्या किती हलक्या झाल्या होत्या. दळणाचा डबा उचलावा तसं मी त्यांना एकटीच उचलायची. कोणती शिवी त्या कधी द्यायच्या. त्या मला काय बोलायच्या तेही मी सांगितलं, आधीच्या काळातलं. मी सांगितलं तसं ते ऐकत गेले. गल्लीच्या तोंडाला गिरणी चालू होती. सून चक्कीवर उभी होती आणि काकू कट्ट्यावर खुर्ची टाकून तिला दोन बोटं दाखवत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं, पण मी बोलत होते म्हणून हाक मारली नाही.

घरी आल्यावर नवरा चपला काढायला दारात बसले आणि तिथंच रडायला लागले. मोठ्यानं, नणंदेसारखे. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. मला रडू आलं नाही. आत हात घालून बघितलं, अजून फारसं काही नव्हतं. पण बसवेना असंही झालं नाही, उठून कप मोजावेसे वाटले नाहीत. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि तो गरम आहे एवढं मला कळत होतं. तेवढ्यात आतून नळाचा आवाज आला. आठ दिवसांनी पाणी आलं होतं. ते डोळे पुसून उठले आणि म्हणाले, "तू बस. भरतो मी."